सेव्हन माइल बीच (ग्रँड केमन)

सेव्हन माइल बीच ही कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पांढऱ्या वाळूची लांबच लांब पुळण आहे. ग्रँड केमन, केमन ब्रॅक आणि लिटल केमन या तीन बेटांचा मिळून केमन आयलंड्स हा ब्रिटिश सागरपारीय प्रदेश बनतो. जॉर्ज टाउन ही त्याची राजधानी ग्रँड केमनवरच, या पुळणीच्या दक्षिणेला लागून आहे. पश्चिम कॅरिबियनमध्ये फिरणाऱ्या क्रूझ जहाजांचा जॉर्ज टाउन हा नेहमीचा थांबा असून, तेथे उतरणाऱ्या प्रवाशांपैकी मोठा भाग उपलब्ध पाच-सहा तास याच पुळणीवर घालवतो. कोविड साथीपूर्वीच्या वर्षांत क्रूझने येणाऱ्यांची संख्या वर्षाला १८ ते १९ लाखांच्या घरात होती. २०२१ च्या जनगणनेनुसार या तिन्ही बेटांची मिळून लोकसंख्या सुमारे ७१ हजार आहे. या दोन आकड्यांमधील तफावत लक्षात घेतली, की या किनाऱ्याभोवती गेली काही दशके चाललेले वाद समजणे सोपे जाते.

याच नावाची एक पुळण जमैकातील नेग्रिल येथेही आहे. प्रस्तुत लेख केवळ ग्रँड केमनवरील पुळणीविषयी आहे.

नाव आणि स्थान

नावात सात मैल असले तरी पुळण तेवढी लांब नाही. मोजणी कोठून कोठपर्यंत धरावी यावर आकडा बदलतो आणि तो साधारणपणे साडेपाच ते सव्वासहा मैलांच्या (सुमारे ९ ते १० किलोमीटर) दरम्यान सांगितला जातो. दक्षिण टोकाला अलीकडे वाळूच उरलेली नसल्यामुळे हा प्रश्न आता केवळ मोजणीचा राहिलेला नाही. त्याचा विचार पुढे धूप या विभागात केला आहे.

ग्रँड केमन हे क्युबाच्या दक्षिणेस सुमारे २४० किलोमीटर आणि जमैकाच्या वायव्येस सुमारे २९० किलोमीटर अंतरावर आहे. बेटाची लांबी सुमारे ३५ किलोमीटर आणि क्षेत्रफळ १९७ चौरस किलोमीटर असून ते जवळजवळ सपाट आहे. त्याच्या पश्चिम भागात नॉर्थ साउंड नावाचे उथळ, विस्तीर्ण खाजण आत शिरलेले आहे. हे खाजण आणि खुला समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी उरते. सेव्हन माइल बीच या पट्टीच्या समुद्राकडील बाजूस आहे. पट्टीवरून पुळणीला समांतर जाणारे रस्ते जॉर्ज टाउनला उत्तरेकडील वेस्ट बे या गावाशी जोडतात.

पुळणीची घडण

ही वाळू नदीने वाहून आणलेली नाही, कारण ग्रँड केमनवर एकही नदी नाही. प्रवाळ, शंखशिंपले आणि चुनायुक्त शैवाल यांचे झिजून झालेले बारीक कण साचून ती तयार झाली आहे. तिचा रंग फिकट असण्याचे आणि उन्हात ती काळ्या किंवा तपकिरी वाळूइतकी तापत नसण्याचे कारण हेच. नदीचा गाळ समुद्रात मिसळत नसल्यामुळे पाणीही असाधारण नितळ असते.

कॅरिबियनमध्ये बहुतेक काळ वारा पूर्वेकडून वाहतो. पश्चिमेचा हा किनारा त्यामुळे बेटाच्या आडोशाला पडतो आणि वर्षाचे बरेच दिवस तेथे लाटा अगदी लहान असतात. भरती-ओहोटीतील फरकही फूटभराच्या आसपासच असतो. कोकणातील खाडीकाठची भरती पाहिलेल्या वाचकाला हा समुद्र जवळजवळ तळ्यासारखा वाटेल. अटलांटिकमधून येणाऱ्या आणि २०११ पासून कॅरिबियनच्या अनेक किनाऱ्यांवर कुजत पडणाऱ्या सरगॅसम शेवाळाचा त्रासही ग्रँड केमनच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यांना जेवढा होतो तेवढा या बाजूला होत नाही.

हिवाळ्यात मात्र चित्र पालटते. नोव्हेंबर ते मार्च या काळात उत्तर अमेरिकेतून थंड हवेचे पट्टे खाली सरकतात आणि वारा वायव्येकडून वाहू लागतो. स्थानिक लोक या वाऱ्यांना ‘नॉर्वेस्टर’ म्हणतात. अशा वेळी एरवी आडोशाला असलेला पश्चिम किनाराच वाऱ्याच्या तोंडी येतो, लाटा उसळतात आणि वाळू जागा बदलते. पुढे शांत हवेत तीच वाळू हळूहळू परत येते. पुळण अशी ऋतुमानानुसार श्वास घेत असते आणि त्यासाठी तिला मागे सरकायला मोकळी जागा लागते.

पर्यटनाचा उदय

क्रिस्तोफर कोलंबसने १५०३ मध्ये आपल्या चौथ्या सफरीत केमन ब्रॅक आणि लिटल केमन ही बेटे पाहिली आणि भोवतालच्या समुद्रातील असंख्य कासवांवरून त्यांना ‘लास तोर्तुगास’ असे नाव दिले. ‘केमन’ हे नंतर रूढ झालेले नाव मगरीच्या नावावरून आले आहे. पुढची काही शतके या बेटांचा जगाशी संबंध आला तो मुख्यतः कासवांच्या मांसासाठी थांबणाऱ्या जहाजांमुळे. बेटावरचे पुरुष कासवे पकडणारे आणि खलाशी होते. पुळणीलगतची रेताड जमीन शेतीला निरुपयोगी असल्यामुळे तिला फारशी किंमत नव्हती. आज त्याच जमिनीचे भाव कॅरिबियनमधील सर्वांत चढ्या भावांत गणले जातात.

अटलांटिस हे पहिले क्रूझ जहाज १९३७ मध्ये ग्रँड केमनला आले. तरीही पुढची दोन दशके पर्यटन नाममात्रच राहिले. १९५० च्या सुमारास सेव्हन माइल बीचवर पहिले हॉटेल उभे राहिले आणि त्याच दशकात विमानतळही झाला, पण पाहुण्यांना पळवून लावायला डास पुरेसे होते. पट्टीच्या दुसऱ्या बाजूची कांदळवने आणि दलदल ही त्यांची पैदासभूमी होती. संध्याकाळी घराबाहेर पडणारा माणूस धुमसणारी शेगडी हातात घेऊन चालत असे. १९६५ मध्ये डासनियंत्रण विभाग स्थापन झाला आणि डॉ. मार्को जिग्लिओली यांच्या नेतृत्वाखाली त्याने दलदलीत चर खोदून आणि औषधफवारणी करून डासांचा उपद्रव आटोक्यात आणला. केमनच्या पर्यटनाच्या इतिहासात हॉटेलांची आणि बँकांची नावे ठळकपणे येतात. त्यांच्या आधी या विभागाचे नाव यायला हवे.

केमन आयलंड्स १९६२ पर्यंत प्रशासकीयदृष्ट्या जमैकाशी जोडलेली होती. जमैका स्वतंत्र झाल्यावर त्यांनी ब्रिटिश अंमलाखालीच राहणे पसंत केले. त्यानंतरच्या काळात करमुक्त वित्तव्यवसाय आणि पर्यटन हे अर्थव्यवस्थेचे दोन खांब झाले आणि पुळणीलगत हॉटेले व सदनिकांच्या इमारतींची जवळजवळ अखंड रांग उभी राहिली.

जहाजावरून किनाऱ्यापर्यंत

जॉर्ज टाउनच्या बंदरात मोठे क्रूझ जहाज लागेल असा धक्का नाही. जहाजे किनाऱ्यापासून काही अंतरावर उभी राहतात आणि प्रवाशांना टेंडर म्हणजे लहान प्रवासी बोटींतून धक्क्यावर आणले जाते. मोठ्या बंदरांत प्रवासी जहाजाच्या दारातून थेट धक्क्यावर पाऊल ठेवतो. येथे त्याला आधी क्रमांकाची चिठ्ठी घेऊन जहाजातच थांबावे लागते. टेंडर बोटींची ये-जा दिवसभर चालू असते. बंदरात एकाच वेळी चार-पाच जहाजे उभी असतील, तर एका दिवसात दहा हजारांहून अधिक माणसे या मार्गाने उतरतात आणि त्याच मार्गाने परततात. २००६ मध्ये सुरू झालेले रॉयल वॉटलर टर्मिनल हे या वाहतुकीसाठीच बांधलेले आहे.

नॉर्वेस्टर सुटल्यावर पश्चिमेकडील बंदरात टेंडर चालवणे धोक्याचे ठरते. तेव्हा जहाजे बेटाला वळसा घालून दक्षिण किनाऱ्यावरील स्पॉट्स येथे जातात आणि प्रवाशांना तेथे उतरवले जाते. तेथेही समुद्र खवळलेला असेल तर कप्तान थांबा रद्द करून पुढच्या बंदराचा मार्ग धरतो. हिवाळी सफरींत असे अधूनमधून घडते. सफरीच्या वेळापत्रकात ग्रँड केमनचे नाव छापलेले असणे आणि प्रत्यक्षात तेथे पाय ठेवायला मिळणे यांत त्यामुळे थोडे अंतर असते.

घड्याळाचा प्रश्न याहून अधिक जणांना अडचणीत आणतो. केमन आयलंड्समध्ये वर्षभर एकच वेळ पाळली जाते. अमेरिकेतल्यासारखी उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केली जात नाहीत. जहाज फ्लोरिडाहून निघालेले असेल आणि त्यावर तिथली उन्हाळी वेळ चालू असेल, तर जहाजावरील घड्याळ बेटावरील घड्याळाच्या एक तास पुढे असते. शेवटच्या टेंडरची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे जाहीर होते, मात्र प्रवाशाचा मोबाइल दूरध्वनी स्थानिक जाळ्याशी जोडला गेला की आपोआप बेटाची वेळ दाखवू लागतो. शेवटची टेंडर चुकलेल्या प्रवाशासाठी जहाज सहसा थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत त्याला स्वखर्चाने जावे लागते. जहाज कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, आणि या सहली महाग असूनही खपतात याचे ते एक प्रमुख कारण आहे.

किनाऱ्यावरील काही तास

धक्क्यापासून पुळणीच्या जवळच्या भागापर्यंत पायी जाता येते. परंतु रुंद, मोकळ्या भागापर्यंत गाडीने दहा-पंधरा मिनिटे लागतात. धक्क्याबाहेर टॅक्सी आणि सामायिक व्हॅन उभ्या असतात, तर सार्वजनिक मिनीबस शहराच्या वाचनालयाजवळून सुटतात. वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. अमेरिकी प्रवासी रस्ता ओलांडताना सवयीने चुकीच्या दिशेला पाहतात, म्हणून बंदराजवळ तशा सूचना लावलेल्या असतात. स्थानिक चलन केमन डॉलर असून त्याचा दर १ केमन डॉलर बरोबर १.२० अमेरिकी डॉलर असा १९७० च्या दशकापासून बांधलेला आहे. अमेरिकी डॉलर सर्वत्र चालतो, पण फलकावरील किंमत कोणत्या डॉलरमध्ये आहे हे आधी विचारलेले बरे.

पुळणीवरील ठिकाणांमध्ये बराच फरक आहे. क्रूझ सहलींच्या गाड्या ज्या उपाहारगृहांसमोर आणि खासगी क्लबांसमोर थांबतात, तेथे खुर्ची, छत्री आणि पेय यांचे एकत्रित शुल्क असते आणि गर्दीही तेथेच असते. सार्वजनिक पुळण, गव्हर्नरांच्या निवासस्थानासमोरील गव्हर्नर्स बीच आणि उत्तरेकडील सिमेट्री बीच येथे प्रवेशशुल्क नाही. सिमेट्री बीचला हे नाव शेजारच्या जुन्या दफनभूमीमुळे मिळाले आहे. तेथील उथळ प्रवाळभित्ती किनाऱ्यावरून पोहत गाठता येत असल्यामुळे मुखवटा आणि श्वासनळी लावून पोहणारे तेथे जातात. सावली मिळते ती मुख्यतः सी ग्रेपच्या रुंद पानांच्या झाडांची आणि सुरूची. हा सुरू म्हणजे कोकणच्या किनाऱ्यांवर लावलेलाच वृक्ष होय. मात्र केमनमध्ये तो बाहेरून आलेली आक्रमक जात मानला जातो. त्याच्या दाट सावलीत आणि सुयांच्या थराखाली पुळणीवरील मूळ वनस्पती तग धरत नाहीत, आणि मुळे वरवर असल्याने तो वादळात उन्मळून पडतो.

पुळणीच्या उत्तर टोकासमोर किट्टिवेक हे अमेरिकी नौदलाचे निवृत्त जहाज आहे. पाणबुड्यांना सेवा पुरवणारे हे जहाज ५ जानेवारी २०११ रोजी कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून मुद्दाम बुडवण्यात आले. सुरुवातीला ते तळावर सरळ उभे होते. २०१७ च्या एका वादळाच्या लाटांनी ते कुशीवर कलंडले. शिकाऊ पाणबुड्यांनाही ते पाहता येते.

जहाजावरील कर्मचाऱ्यांनाही पाळीनुसार काही तासांची मोकळीक मिळते. क्रूझ जहाजांवर गोव्यातील व मुंबईतील खलाशी, स्वयंपाकी आणि वाढपी मोठ्या संख्येने काम करतात. कॅरिबियनचे हे किनारे मराठी आणि कोंकणी घरांत पर्यटकांच्या छायाचित्रांआधी पोहोचले ते त्यांच्याच तोंडून.

पाकटांची वाळूपट्टी

सेव्हन माइल बीचनंतर क्रूझ प्रवाशांची सर्वाधिक पसंती नॉर्थ साउंडमधील स्टिंगरे सिटीला असते, आणि एका दिवसात अनेकजण दोन्ही उरकतात. येथे कमरेइतक्या पाण्यात वाळूच्या उंचवट्यावर उभे राहिले की मोठ्या आकाराची पाकटे माणसांच्या पायांभोवती फिरू लागतात. पूर्वी मच्छीमार बाहेरच्या समुद्रातून परतताना या शांत पाण्यात होड्या थांबवून मासे साफ करीत आणि टाकाऊ भाग पाण्यात फेकीत. त्या खाद्यामुळे पाकटांना होडीच्या यंत्राचा आवाज ओळखीचा झाला. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी या सवयीचा लाभ घेतला आणि पुढे तिचे मोठ्या व्यवसायात रूपांतर झाले.

पाकटांच्या शेपटीला विषारी काटा असतो, तरी येथे इजा होण्याचे प्रसंग विरळा आहेत. काळजी आहे ती पाकटांचीच. ही जात निसर्गतः रात्री, एकेकटी, विस्तृत क्षेत्रात भक्ष्य शोधते. येथील पाकटे दिवसा जागी असतात, लहानशा जागेत दाटीने राहतात आणि माणसाने दिलेल्या स्क्विडवर जगतात, असे संशोधकांना आढळले आहे. केमनच्या पाण्यातील सर्व पाकटांना २०१३ पासून कायद्याचे संरक्षण आहे. या क्षेत्रात त्यांना पाण्याबाहेर उचलण्यास मनाई असून खाद्यावरही मर्यादा आहे.

धक्क्याचा वाद

क्रूझ कंपन्यांची नवी जहाजे उत्तरोत्तर मोठी होत गेली. पाच-सहा हजार प्रवासी वाहणारी सर्वांत मोठी जहाजे टेंडर बोटींवर अवलंबून राहत नाहीत, कारण एवढी माणसे उतरवून पुन्हा चढवण्यातच दिवस संपतो. अशी जहाजे त्यामुळे ग्रँड केमन वगळून धक्का असलेल्या बंदरांकडे, अथवा बहामाजमधील कंपन्यांच्या स्वतःच्या बेटांकडे जातात. (क्रूझ कंपनीने बेट घेऊन तेथे केवळ आपले प्रवासी उतरवण्याची पद्धत १९७७ मध्ये बहामाजमधील ग्रेट स्टिरप के या बेटापासून सुरू झाली.) केमनने धक्का बांधला नाही तर हा व्यवसाय हळूहळू निसटेल, असा धक्क्याच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. टॅक्सीचालक, सहल व्यावसायिक आणि बंदरालगतचे दुकानदार यांचे पोट क्रूझवर चालते, आणि त्यांची भीती निराधार नव्हती.

विरोधकांचा मुद्दा समुद्रतळाविषयी होता. जॉर्ज टाउनच्या बंदरातच ईडन रॉक, डेव्हिल्स ग्रोटो यांसारख्या प्रवाळभित्ती आणि जुनी बुडालेली जहाजे आहेत. किनाऱ्यावरून पोहत जाऊन पाहता येतील इतकी ती जवळ आहेत. धक्क्यासाठी तळ खोदल्यास सुमारे १५ एकर प्रवाळ थेट नष्ट होतील, असे २०१५ च्या पर्यावरणीय आघात अहवालात म्हटले होते. खोदकामाने पाणी गढूळ होईल आणि उत्तरेकडील सेव्हन माइल बीचच्या वाळूचे चक्र बिघडेल, अशीही भीती व्यक्त झाली. जहाजांच्या नांगरांनी काय होते हे लोकांनी आधीच पाहिले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये एका क्रूझ जहाजाचा नांगर प्रवाळभित्तीवर पडला. तुटलेले प्रवाळाचे तुकडे स्थानिक पाणबुड्यांनी नंतर कित्येक महिने एक-एक करून पुन्हा खडकाला चिकटवले.

सरकारने प्रकल्प पुढे रेटल्यावर नागरिकांच्या एका गटाने सार्वमताच्या मागणीसाठी सह्या गोळा करण्यास सुरुवात केली. राज्यघटनेनुसार त्यासाठी एकूण मतदारांपैकी २५ टक्के सह्या आवश्यक असतात. दारोदार फिरून २०१९ मध्ये ही संख्या गाठली गेली. सरकारने सार्वमतासाठी १९ डिसेंबर २०१९ ही तारीख ठरवली, परंतु प्रकरण न्यायालयात गेले आणि मतदान लांबणीवर पडले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे बेटांच्या सीमा बंद झाल्या आणि त्याच वर्षी प्रकल्प सोडून देण्यात आला.

क्रूझ जहाजे परतली ती मार्च २०२२ मध्ये. मधली दोन वर्षे जॉर्ज टाउनचे बंदर रिकामे होते. अर्थव्यवस्थेला त्याची झळ बसली, पण ती कोसळली नाही, आणि हा अनुभव पुढच्या चर्चेत दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने वापरला. जहाजे परतल्यानंतरही प्रवाशांची संख्या जुन्या पातळीवर गेली नाही, त्यामुळे धक्क्याचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सार्वत्रिक निवडणुकीसोबत घेतलेल्या सार्वमतात मतदारांना सरकारने क्रूझ धक्का विकसित करावा का, असे थेट विचारण्यात आले. बहुसंख्य मतदारांनी नकार दिला.

या वादात एक आर्थिक मुद्दा वारंवार पुढे येतो. २०१९ मध्ये विमानाने येऊन बेटावर मुक्काम करणाऱ्या पर्यटकांची संख्या ५ लाखांहून थोडी अधिक, म्हणजे क्रूझ प्रवाशांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होती. तरीही पर्यटनातून बेटावर येणाऱ्या पैशांचा मोठा वाटा त्यांचाच असतो. क्रूझ प्रवासी जहाजावर झोपतो आणि बहुधा जेवतोही जहाजावरच. दुसरीकडे मुक्कामी पर्यटकांचा खर्च प्रामुख्याने मोठ्या हॉटेलांकडे जातो, तर क्रूझ प्रवाशाचे वीस-पंचवीस डॉलर बहुतेकदा थेट टॅक्सीवाल्याच्या किंवा लहान विक्रेत्याच्या हातात पडतात. एकूण रकमेचा हिशेब मांडताना ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

किनारा कोणाचा

केमनमध्ये भरतीरेषेच्या समुद्राकडील भाग राजसत्तेच्या मालकीचा, म्हणजेच सार्वजनिक आहे. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू मात्र खासगी मालमत्तेचा भाग असू शकते. तथापि एखादी पुळण, किंवा तिच्याकडे जाणारी वाट, लोकांनी २० वर्षे अखंडपणे वापरली असेल तर तो वापर हा त्यांचा हक्क ठरतो, अशी तरतूद वहिवाटीच्या कायद्यात आहे. मराठी वाचकाला वहिवाट ही संकल्पना बांधाच्या आणि पाऊलवाटेच्या वादांतून परिचितच आहे.

प्रत्यक्षात अडचण येते ती वाटांची. हॉटेल आणि सदनिकांच्या रांगेतून पुळणीकडे जाणाऱ्या अरुंद सार्वजनिक वाटा कोठे कुंपणाआड, कोठे झुडपांमागे, तर कोठे वाहनतळात हरवतात. जुन्या पिढीतील केमनवासीयांच्या तोंडी बालपणी पोहायला जाण्याची अमुक वाट आता बंद झाली, अशी तक्रार नेहमी असते. २०११ मध्ये सरकार आणि एक विकासक समूह यांच्यात झालेल्या करारानुसार पुळणीलगतच्या जुन्या वेस्ट बे रस्त्याचा एक भाग बंद करून वाहतूक आतल्या महामार्गावर वळवण्यात आली, तेव्हा याच कारणाने मोठा विरोध झाला होता. मोटारीतून जाता जाता समुद्र दिसण्याचा तो एक मोजका टप्पा होता.

क्रूझ थांब्याने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. अनेक हॉटेले आपल्यासमोरील पुळणीवर केवळ आपल्या पाहुण्यांना बसू देतात. त्यामुळे दिवसभरासाठी आलेले हजारो प्रवासी मोजक्या सार्वजनिक जागांवर एकवटतात. रविवारी कुटुंबासह येणाऱ्या स्थानिकांसाठी असलेल्या या जागा जहाजांच्या दिवशी भाड्याच्या खुर्च्यांनी भरून जाऊ लागल्या. सार्वजनिक जमिनींसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा करून तेथील विक्रेत्यांना परवान्याच्या कक्षेत आणण्यात आले ते या पार्श्वभूमीवर.

धूप

पुळणीच्या दक्षिण टोकाला, जॉर्ज टाउनच्या बाजूस, काही मोठ्या इमारतींसमोर आता वाळू उरलेली नाही. लाटा थेट भिंतीवर आदळतात. याचे कारण ‘समुद्र वाढला’ एवढ्यावर संपत नाही. वर सांगितल्याप्रमाणे पुळण ऋतूनुसार मागेपुढे होत असते. या हालचालीच्या पट्ट्यातच संरक्षक भिंत बांधली, तर वादळी लाट वाळूवर पसरून विरण्याऐवजी भिंतीवर आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. एका ठिकाणची वाळू गेली की शेजारची वाळू त्या खड्ड्याकडे सरकते. अशा रीतीने एका भिंतीचे परिणाम तिच्या दोन्ही बाजूंना पसरत जातात. २०२१ च्या वादळांनंतर ही झीज झपाट्याने वाढलेली दिसली.

इमारती भरतीरेषेपासून किती मागे असाव्यात याचे नियम आहेत. पण जुन्या इमारतींपैकी अनेक त्याआधीच्या आहेत, आणि नव्या प्रस्तावांनाही वेळोवेळी सवलती मिळाल्या. बाहेरून वाळू आणून पुळण पुन्हा भरावी, हा मार्ग सरकारने विचारात घेतला आहे. भिंती तशाच ठेवून वाळू टाकली तर पुढचे वादळ ती पुन्हा नेईल, म्हणून आधी भिंती मागे घ्याव्यात, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. सार्वजनिक पैशांतून आणलेल्या वाळूचा पहिला लाभ खासगी इमारतींना होणार, हा मुद्दाही त्यात आहे.

वाळूचा मूळ पुरवठा प्रवाळभित्तीवर अवलंबून असल्यामुळे प्रवाळांचे आरोग्य हा धुपीशी जोडलेला प्रश्न ठरतो. ग्रँड केमनमध्ये १९८६ पासून सागरी उद्याने असून त्यांत नांगर टाकणे व प्रवाळ काढणे यांवर बंदी आहे. असे असूनही २०२० मध्ये बेटाच्या उत्तर बाजूस कठीण प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग प्रथम आढळला आणि तो पसरत गेला. २०२३ च्या उष्ण उन्हाळ्यात प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

कासवे

ज्यांच्यावरून कोलंबसने बेटांना नाव दिले ती कासवे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शिकारीमुळे जवळजवळ संपली होती आणि केमनचे कासवमारे दूर क्युबा व निकाराग्वाच्या समुद्रात जाऊ लागले होते. १९६८ मध्ये वेस्ट बे येथे हिरव्या समुद्री कासवांचे व्यापारी संवर्धन सुरू झाले. १९८३ मध्ये ते सरकारने ताब्यात घेतले. तेथून मांसही विकले जाते आणि क्रूझ प्रवाशांना पिल्ले हाताळूही दिली जातात. या दोन्ही गोष्टींवर प्राणिहितवाद्यांची सातत्याने टीका होते. मात्र तेथून अनेक वर्षे समुद्रात सोडलेल्या पिल्लांपैकी काही मोठी होऊन परतली. आज केमनच्या किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या हिरव्या कासवांच्या माद्यांपैकी बहुतेकींचे नाते या केंद्रातील कासवांशी असल्याचे आनुवंशिक अभ्यासात आढळले आहे.

सेव्हन माइल बीच हेही त्यांचे एक वीणस्थान आहे. हिरवी आणि लॉगरहेड कासवे उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत रात्री वाळूत घरटी करतात. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू सर्वांत उजळ क्षितिजाकडे सरकते. नैसर्गिक किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. येथे ती हॉटेलांची निघते. पिल्ले जलतरण तलावांत, वाहनतळांत आणि रस्त्यांवर सापडतात. यावर उपाय म्हणून पुळणीवरील काही इमारतींनी खाली झाकलेले, तांबूस पिवळ्या रंगाचे दिवे बसवले आहेत, आणि हंगामात स्वयंसेवक पहाटे पुळण पालथी घालून नव्या घरट्यांभोवती खुणा रोवतात. क्रूझची पहिली टेंडर धक्क्याला लागण्यापूर्वी ही फेरी पूर्ण झालेली असते.